एका उसन्या शब्दाचे घर
(द्वितीय वर्ष, कला)

आयरिश भाषेत दुकानाला 'शोपा' म्हणतात. रोमन लिपीत हा शब्द एस, आय, ओ, पी, ए अशा पाच अक्षरांनी लिहिला जातो. एवढे सांगितले की ऐकणारा चटकन म्हणतो, "अहो, हा तर इंग्रजीतला शॉप!" आणि ते खरेच आहे. 'शॉप' हाच इंग्रजीतला शब्द आयरिश भाषेने उचलला. पण 'हा तर इंग्रजीतला' एवढे म्हणून जे मोकळे होतात, त्यांच्याशी मला थोडे भांडायचे आहे. शब्द कुठून आला, हे कळले म्हणजे तो कोणाचा, हेही कळते का? या प्रश्नाने गेले काही महिने माझी पाठ सोडलेली नाही, आणि त्याचे मला सापडलेले उत्तर या एका परक्या, साध्या, पाच अक्षरी शब्दात आहे.

आयरिश भाषेशी माझा संबंध आला तो इंग्रजीच्या तासाला. जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराची 'रायडर्स टू द सी' ही १९०४ साली रंगभूमीवर आलेली एकांकिका आम्ही वाचत होतो. पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरचे कोळ्याचे घर, आणि एकामागून एक मुलगा समुद्राला देणारी आई. नाटक मनाला चटका लावणारे आहेच; पण त्यातल्या माणसांचे इंग्रजी मला विचित्र वाटले. शब्द सगळे इंग्रजी, वाक्याची चाल मात्र इंग्रजी नव्हे. मग कळले की त्या वाक्यांच्या पोटात आयरिश भाषा आहे. सिंग १८९८ पासून अॅरन बेटांवर जाऊन राहत असे व तिथल्या लोकांकडून ती भाषा शिकत असे. तिथून माझे कुतूहल चाळवले. हल्ली मोबाइलवर आयरिश कोश पाहता येतो आणि मन्स्टर, कॉनॉट व अल्स्टर अशा तिन्ही भागांतल्या बोलींचे उच्चारही ऐकता येतात. तीन बोलींत एकच शब्द ऐकताना आपल्याकडची कोकणची, देशावरची आणि वऱ्हाडातली मराठी आठवली. असो.

आधी या शब्दाचे घराणे पाहू. आयर्लंडमध्ये खरेदी-विक्री नवी नव्हती. जत्रा किंवा मेळा या अर्थी 'एनख' हा तिथला जुना शब्द आहे. पुढे समुद्रावरून व्हायकिंग आले. डब्लिन, वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, लिमरिक ही व्यापारी शहरे त्यांनी वसवली, आणि त्यांच्या नॉर्स भाषेतला बाजाराचा शब्द 'मारगा' होऊन आयरिशमध्ये राहिला. ११६९ साली नॉर्मन लोक आले. त्यांच्या फ्रेंचमधला खोलीचा शब्द 'शोमरा' होऊन राहिला. मग इंग्रज आले आणि त्यांच्याबरोबर 'शॉप' आला. म्हणजे आयर्लंडच्या बाजारपेठेतून नुसती एक चक्कर मारली, तरी हजार वर्षांचा इतिहास पायाखालून जातो.

यात एक गंमत आहे. १३६६ साली किल्केनी येथे कायदे झाले. आयर्लंडमध्ये येऊन राहिलेले इंग्रज आयरिश बोलू लागले होते. त्यांनी इंग्रजीच बोलावे, असे त्या कायद्यांनी बजावले. हे इंग्रजीच्या रक्षणाचे कायदे लिहिले होते मात्र नॉर्मन फ्रेंचमध्ये! भाषेची शुद्धता राखायला निघालेल्या माणसाच्या हातात बहुधा दुसऱ्याचीच लेखणी असते, असे हे वाचताना वाटून गेले.

आता 'शॉप' चा 'शोपा' कसा झाला ते पाहू. आयरिशची पारंपरिक वर्णमाला अवघ्या अठरा अक्षरांची. तिच्यात जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड ही अक्षरेच नव्हती. दुसरे असे की, आयरिशमध्ये बहुतेक प्रत्येक व्यंजनाचे दोन उच्चार असतात. एक 'रुंद' आणि एक 'बारीक'. आपल्याकडे 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च यांत जसा फरक आहे, काहीसा तसाच. पण आपण तो लिहून दाखवत नाही, आयरिश दाखवते. ए, ओ, यू हे रुंद स्वर आणि ई, आय हे बारीक स्वर. व्यंजनाच्या शेजारी रुंद स्वर असला तर उच्चार रुंद, बारीक असला तर बारीक. 'बारकाशेजारी बारीक, रुंदाशेजारी रुंद' हा नियम तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असतो. एस शेजारी बारीक स्वर आला की त्याचा उच्चार 'श' होतो. म्हणून इंग्रजीतला 'श' लिहिण्यासाठी आयरिशने इंग्रजीसारखे एस-एच घेतले नाही. एस शेजारी एक आय बसवला. तो आय स्वतः बोलत नाही, शेजाऱ्याला बोलायला शिकवतो. आणि शब्दाच्या शेवटी 'आ' आला. असेच हॅटचे 'हाता', कोटचे 'कोता', पॉटचे 'पोता', बॉक्सचे 'बोस्का', पाइपचे 'पीपा' झाले. ही सगळी मंडळी आयरिशमध्ये पुल्लिंगी असून कोशात एकाच वर्गात, चौथ्या वर्गात, एका रांगेत बसलेली दिसतात. आल्या आल्या प्रत्येकाला लिंग मिळाले, वर्ग मिळाला, बसायची जागा मिळाली.

पण खरी परीक्षा पुढेच आहे. आयरिश भाषेचा एक स्वभाव आहे. आपल्याकडे शब्दाला विकार होतो तो शेवटी. आयरिशमध्ये तो सुरुवातीलाही होतो. 'अन् शोपा' म्हणजे 'ते दुकान'. इथपर्यंत शब्द जसाच्या तसा आहे. पण 'माझे दुकान' म्हणायचे झाले की 'मो ह्योपा' म्हणावे लागते. पहिल्या 'श' चा 'ह' झाला! आज रोमन लिपीत हा बदल त्या अक्षरापुढे एच लिहून दाखवतात. जुन्या गेलिक वळणाच्या छपाईत अक्षराच्या डोक्यावर टिंब देत असत. 'दुकानाचे दार' म्हणायचे झाले तर 'दोरस अन् त्योपा'. इथे एस च्या आधी एक टी येऊन बसतो, आणि एस लिहिला जातो पण मुका होतो. 'दुकानातला माणूस', म्हणजे दुकानदार, याला बोलीत 'फ्यार अन् त्योपा' म्हणतात. तेच स्त्रीलिंगी शब्दाचे पाहा. 'स्राद' म्हणजे रस्ता. तो स्त्रीलिंगी, म्हणून 'तो रस्ता' म्हणतानाच 'अन् त्राद' असा टी येतो, आणि षष्ठीत तो निघून जातो. पुल्लिंगी शब्दाला जे षष्ठीत मिळते, ते स्त्रीलिंगी शब्दाला प्रथमेत. तेव्हा ऐकणाऱ्याला नुसत्या सुरुवातीवरून शब्दाचे लिंग आणि विभक्ती कळू शकते.

एका इंग्रज माणसाला 'त्योपा' असे म्हणून दाखवले तर त्यात त्याला आपला 'शॉप' ओळखू येईल का? मला नाही वाटत. आपल्या मुलीला सासरी भेटायला गेलेल्या बापासारखी त्याची अवस्था होईल. ती तीच असते. पण त्या घरातल्या माणसांनी तिला दुसऱ्या नावाने हाक मारली की ती 'ओ' देते.

अनेकवचनाचेही तसेच. इंग्रजीतला अनेकवचनाचा एस या शब्दाच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. 'दुकाने' म्हणजे 'शोपी'. आणि आकडा आला की आयरिश आपलाच नियम चालवते. 'तीन दुकाने' म्हणताना ती नाम एकवचनीच ठेवते आणि सुरुवात मऊ करते: 'त्री ह्योपा'. 'माझे दुकान आहे' हे वाक्य तर मराठी माणसाला फार जवळचे वाटेल. इंग्रजीत त्यासाठी 'हॅव' हे क्रियापद लागते. आयरिशमध्ये तसे क्रियापदच नाही. आपल्याही भाषेत नाही. आपण 'माझ्यापाशी आहे' म्हणतो, ते 'ता शोपा अगम' म्हणतात. शब्दशः अर्थ, 'आहे दुकान माझ्यापाशी'. मालकी म्हणजे माणसाच्या जवळ असणे, ही कल्पना दोन इतक्या दूरच्या भाषांत सारखी निघावी, याचा मला मनापासून आनंद झाला.

पाहुणा घरचा झाला की नाही हे ओळखण्याची आणखी एक खूण आहे. त्याला तिथे लेकरेबाळे झाली की नाही ते पाहावे. 'शोपा' पासून 'शोपदोर' म्हणजे दुकानदार झाला आणि 'शोपदोर' पासून 'शोपदोरख्त' म्हणजे दुकानदारी किंवा खरेदी. बाप पुल्लिंगी चौथ्या वर्गातला, मुलगा पुल्लिंगी तिसऱ्या वर्गातला आणि नात स्त्रीलिंगी. दुकान, दुकानदार, दुकानदारी! हे लिहिताना माझ्या लक्षात आले की आपला 'दुकान' तरी कुठला? तो मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. पण 'दुकानात', 'दुकानाचा', 'दुकानापुढे' म्हणताना कोणाच्या मनात अरबस्तान येते? 'दुकान' ला आपण नपुंसकलिंग दिले, त्याचे सामान्यरूप केले आणि तो आपला झाला. ज्या शब्दाला आपण विसरून जाऊ शकतो, तोच खरा घरचा शब्द.

दुसरा एक शब्द याहून लहान आहे, आणि तोही दुकानातूनच घरात आलेला. चहाला आयरिशमध्ये 'ते' म्हणतात. चहाची जगभरची नावे दोन घराण्यांतली आहेत. चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीत त्याला 'ते' म्हणत. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द युरोपात नेला आणि तिथून तो इंग्रजीत आला. 'चा' म्हणणाऱ्या प्रांतांतून दुसरे घराणे निघाले. आपला चहा त्या घराण्यातला. आता, इंग्रज तर 'टी' म्हणतात. मग आयरिशमध्ये 'ते' कसा? कारण इंग्रजही पूर्वी 'टे' असेच म्हणत. अलेक्झांडर पोपने १८व्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'द रेप ऑफ द लॉक' या काव्यात या शब्दाचे यमक 'ओबे' शी जुळवले आहे. पुढे इंग्रजांचा उच्चार बदलला. आयरिशने मात्र घेतला तेव्हाचा उच्चार सांभाळून ठेवला. म्हणजे उसनी वस्तू घेणाऱ्याने ती देणाऱ्यापेक्षा जास्त जपली.

आणि या एवढ्याशा शब्दाला आयरिश व्याकरण कसे खेळवते पाहा. 'त्याचा', 'तिचा' आणि 'त्यांचा' या तिन्हींसाठी आयरिशमध्ये एकच शब्द आहे, 'अ'. मग ऐकणाऱ्याला कळावे कसे? तर पुढच्या नामाच्या सुरुवातीवरून. 'अ हे' म्हणजे त्याचा चहा. 'अ ते' म्हणजे तिचा चहा. 'अ दे' म्हणजे त्यांचा चहा. चहा कोणाचा, हे सर्वनाम सांगत नाही, चहाच सांगतो! चीनच्या किनाऱ्यावरून निघून, डच जहाजातून, इंग्रजांच्या दुकानातून आलेला हा शब्द शेवटी आयरिश घरात त्याचा-तिचा-त्यांचा हिशेब ठेवायला लागला. याहून अधिक विश्वासाचे काम कोणी पाहुण्याला देईल का?

मला या सगळ्याचे एवढे का वाटते, ते सांगायला हवे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षाला असताना वर्गात बोलता बोलता मी 'टेसनावर' असे म्हणाले आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. 'स्टेशनवर म्हण' असे कोणीतरी सांगितलेही. मी काही बोलले नाही. आमची आजी 'टेसनावर', 'हापिसात', 'कालिजात', 'टायमाला' असेच म्हणते. तिला लिहितावाचता येत नाही. पण 'शोपा' चे व्याकरण वाचल्यापासून मी तिच्या शब्दांकडे निराळ्या कानांनी ऐकते. आपण 'स्टेशनवर', 'ऑफिसमध्ये', 'कॉलेजमध्ये' म्हणतो. म्हणजे इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवतो आणि त्याला बाहेरून एक प्रत्यय चिकटवतो, जणू पाहुण्याच्या अंगाला हात लावायची आपल्याला भीती वाटते. आजी त्याचे सामान्यरूप करते. टेसन, टेसना-वर, हापिस, हापिसा-त. झाड-झाडावर, घर-घरात, तसेच हेही. मराठी नामाला जो नियम, तोच आलेल्याला. आपण शब्द बरोबर उच्चारतो आणि परका ठेवतो. तिचा उच्चार इंग्रजांच्या दृष्टीने चुकतो, पण शब्द मराठी होतो. 'शॉप' चा 'त्योपा' करणारे आयरिश कोळी आणि 'स्टेशन' चे 'टेसना' करणारी माझी आजी एकाच कामावरची माणसे आहेत. ते काम अडाणीपणाचे आहे असे आता मला कोणी सांगितले, तर मी ऐकून घेणार नाही.

कोणी म्हणेल, "एवढे परके शब्द घेतले म्हणूनच तर आयरिश भाषा मरणपंथाला लागली ना?" हा प्रश्न टाळता येणार नाही, कारण आयरिशची पडझड झाली हे सत्य आहे. पण ती कशाने झाली? १८३१ पासून तिथे सरकारी राष्ट्रीय शाळा निघाल्या. शिक्षण इंग्रजीतून. मुलांच्या गळ्यात काठी अडकवून, त्यांनी आयरिश शब्द उच्चारला की तिच्यावर एक खाच पाडायची आणि शेवटी खाचा मोजून शिक्षा करायची, अशीही रीत होती. दुःखाची गोष्ट ही, की अनेक आईबापांचाच तिला पाठिंबा असे. त्यांना मुलांचे वाईट व्हावे असे थोडेच वाटत होते? कचेरी इंग्रजीत, व्यापार इंग्रजीत, अमेरिकेला जाणारे जहाज इंग्रजीत. मग १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. सर्वांत जास्त झळ लागली ती आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागाला. १८५१ च्या खानेसुमारीत प्रथमच भाषेची नोंद झाली, तेव्हा देशातले जेमतेम चौथाई लोक आयरिश बोलणारे उरले होते.

म्हणजे आयरिशचा घात 'शोपा' या शब्दाने केला नाही, 'ते' नेही केला नाही. हे शब्द भाषेच्या आत आले होते, तिचे नियम पाळत होते. घात झाला तो माणसे भाषेच्या बाहेर गेली म्हणून, आणि त्यांना बाहेर जावे लागले ते भूक आणि भीती यांच्यामुळे. आयरिशमध्ये एक इंग्रजी शब्द येणे आणि आयरिश मूल इंग्रजीत जाणे, या दोन अगदी उलट्या गोष्टी आहेत. पहिलीत भाषा काही मिळवते, दुसरीत आपले माणूस गमावते. आपण मात्र पहिलीवर चिडतो आणि दुसरीकडे पाहत नाही.

आणि जी माणसे बाहेर गेली, तीही हात हलवत गेली नाहीत. आयरिशमध्ये 'मी आताच चहा प्यायलो' हे सांगायला म्हणतात, 'ता मे तार एश ते अ ओल'. शब्दशः, 'आहे मी चहा पिण्यानंतर'. हीच माणसे इंग्रजी बोलू लागली तेव्हा 'आय अॅम आफ्टर ड्रिंकिंग माय टी' असे म्हणू लागली, आणि आयर्लंडमधल्या इंग्रजीत आजही असे म्हणतात. भाषा गेली, तिचे शब्द गेले, पण वाक्याची चाल नव्या भाषेतही तीच राहिली. सिंगच्या नाटकातली इंग्रजी मला विचित्र वाटली होती, तिचे मर्म हेच. शब्द बदलणे सोपे असते; सवय लागते ती व्याकरणाची.

भाषा वाचवण्याचे प्रयत्नही झाले. डग्लस हाइड या विद्वानाने १८९२ साली डब्लिनमध्ये व्याख्यान देऊन आयर्लंडवरचा इंग्रजी पगडा दूर करण्याची हाक दिली. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली आणि हाइड तिचा पहिला अध्यक्ष झाला. हाच हाइड पुढे १९३८ मध्ये आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला राष्ट्रभाषा व पहिली राजभाषा मानले. या काळात स्वतःचे शब्द घडवण्याचीही हौस होती, आणि ते चांगलेच झाले. 'रो' म्हणजे चाक, त्यावरून सायकलला 'रोहर'. 'रीव' म्हणजे मोजणे, त्यावरून पुढे संगणकाला 'रीवरे'. आपल्याकडेही भाषाशुद्धीच्या चळवळीतून 'महापौर', 'दिनांक' असे शब्द रुळलेच की. चांगला शब्द घरात घडला तर तो कोणाला नको आहे?

पण याच गेलिक लीगने डब्लिनमध्ये हारकोर्ट स्ट्रीटवर पुस्तकांचे दुकान काढले, त्याचे नाव काय ठेवले? 'अन् शोपा ल्याउर'. 'ल्याउर' म्हणजे पुस्तक. तो शब्द फार जुन्या काळी लॅटिनमधून आला. 'शोपा' इंग्रजीतून. इंग्रजीचा पगडा दूर करायला निघालेल्या संस्थेच्या दुकानाच्या पाटीवर अस्सल घरचा शब्द एकच, आरंभीचा 'अन्'! तरीही ती पाटी शंभर टक्के आयरिश आहे. कारण दोन नामांना शेजारी उभे करून 'पुस्तकांचे दुकान' हा अर्थ सांगणारी रचना आयरिश आहे. विटा कुठल्याही असोत, घर त्यांचे आहे.

मग काळजी करण्यासारखे काहीच नाही काय? आहे. २०२२ च्या खानेसुमारीत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. पण शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले फक्त ७१,९६८. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघाच्या कारभारात आयरिशला इतर राजभाषांच्या बरोबरीचे पूर्ण स्थान आहे. कागदावर एवढा मान आणि चुलीपाशी एवढी माणसे! भाषेला मान मिळणे आणि भाषा बोलली जाणे यांत केवढे अंतर असू शकते, ते या आकड्यांनी मला दाखवले.

आपल्याही भाषेत जपायची जागा तीच आहे, असे मला वाटते. 'बस' हा शब्द आला, बिघडले काय? तिला आपण स्त्रीलिंग दिले. पण एका बसच्या अनेक 'बसेस' होतात, तेव्हा शब्दाच्या मागून इंग्रजीचे व्याकरण दारातून आत येते. 'शोपा' च्या बाबतीत आयरिशने जो एस दाराबाहेर ठेवला, तो आपण मोठ्या कौतुकाने घरात घेतो, आणि 'टेसनावर' म्हणणाऱ्या माणसाला हसतो. मित्रमैत्रिणींनो, यात चुकते कोण, याचा निवाडा मी तुमच्यावर सोपवते. माझ्यापुरता तो झालेला आहे. घरी बोलताना मीही आता 'टेसनावर' म्हणते, आणि कोणी कारण विचारले तर व्याकरण सांगते.

नीअल ओ डोनल यांनी संपादित केलेला आयरिश-इंग्रजी कोश १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'शोपा' ची नोंद आहे. पुल्लिंगी, षष्ठीचे रूप अमुक, अनेकवचन अमुक, अर्थ दुकान. तो कोणत्या भाषेतून आला, याचा त्या नोंदीत उल्लेखही नाही. शेजारच्या कोणत्याच शब्दाला तो कोश गाव विचारत नाही. फक्त लिंग, विभक्ती आणि वचन सांगतो. एवढ्यावरच शब्द तिथे नांदतो आहे.